‘येथें नको’ ह्या म्हणण्याचा विचार

परोपकार करावा कीं नाहीं ह्याविषयीं सुशिक्षित समाजांत फारसा मतभेद उरलेला नाहीं. मतभेद उत्पन्न होतो तो परोपकार कोठें करावा ह्या प्रश्नाशीं आल्यावर. भुकेल्यास अन्न द्यावें, रोग्यास औषध द्यावें, निराश्रितास निवारा द्यावा, हें सर्वांस मान्य आहे. परंतु निवारा ही वस्तु अन्नासारखी डब्यांत घालून पाठवितां येत नाहीं. तिला जागा लागते, आणि शहरांतील प्रत्येक जागा कोणाच्या ना कोणाच्या शेजारीं असते. एवढ्या एका साध्या गोष्टींतून जो नैतिक पेंच उभा राहतो त्याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे. उदाहरण म्हणून न्यूयॉर्क शहरांतील एक अलीकडचें प्रकरण घेतों. तें परक्या देशांतलें आहे हें खरें. पण तेथें दोन्ही पक्षांनीं आपापलें म्हणणें न्यायालयांत व वर्तमानपत्रांत इतक्या उघडपणें मांडलें कीं, जें एरव्हीं मनुष्याच्या मनांत दडून राहतें तें तेथें स्वच्छ वाचावयास मिळतें.

न्यूयॉर्कची ह्या बाबतींतली स्थिति अमेरिकेंतील इतर बहुतेक शहरांहून निराळी आहे. १९३८ सालीं त्या राज्याच्या घटनेंत एक कलम घालण्यांत आलें. गरजूंचें साहाय्य व संगोपन ही सार्वजनिक जबाबदारी असून ती राज्यानें पार पाडावी, असा त्याचा आशय. १९७९ सालीं रॉबर्ट हेज नांवाच्या एका तरुण वकिलानें ह्याच कलमाच्या आधारें, बावरी ह्या भागांत रस्त्यावर निजणाऱ्या पुरुषांच्या वतीनें फिर्याद लावली. तींतील पहिला वादी रॉबर्ट कॅलहॅन हा बावरीचा रहिवासी, म्हणजे तेथल्या पदपथाचा रहिवासी होता. १९८१ च्या ऑगस्टांत उभय पक्षांच्या संमतीनें हुकूमनामा झाला, आणि गरजेच्या अटींत बसणाऱ्या प्रत्येक बेघर पुरुषास मागतांच बिछाना देणें नगरपालिकेवर बंधनकारक ठरलें. पुढें हाच हक्क स्त्रियांस व कुटुंबांस मिळाला. २०२२ नंतर परदेशांतून आलेल्या आश्रयार्थी लोकांची संख्या फार वाढल्यामुळें २०२४ च्या मार्चांत त्याला कांहीं मर्यादा पडल्या, पण हक्क मुळांत टिकून आहे. कॅलहॅन मात्र हुकूमनाम्यावर सह्या होण्यापूर्वींच रस्त्यावर मरण पावला होता.

ह्या हक्काप्रमाणें मिळणारा बिछाना म्हणजे, एकट्या मनुष्याच्या बाबतींत, बहुधा एखाद्या मोठ्या दालनांत ओळीनें मांडलेल्या खाटांपैकीं एक खाट. २०२० च्या मार्चांत न्यूयॉर्कमध्यें कोविडची सांथ भडकली तेव्हां असलीं दालनें म्हणजे रोगाचीं कोठारें ठरूं लागलीं. त्याच वेळीं प्रवासी येईनासे झाल्यामुळें शहरांतील हॉटेलें ओस पडलीं होतीं. (हॉटेल म्हणजे आपल्याकडे ज्यास सर्रास हॉटेल म्हणतात तें चहाफराळाचें दुकान नव्हे, उतारूंस खोल्या भाड्यानें देणारी मोठी इमारत.) एकीकडे खाटांची गर्दी व दुसरीकडे रिकाम्या खोल्या, ह्यांची सांगड घालण्यास फार मोठी बुद्धि लागत नाहीं. नगरपालिकेनें सुमारें साठ हॉटेलें भाड्यानें घेतलीं आणि हजारों बेघर माणसें तेथें नेऊन ठेविलीं. त्यांपैकीं लूसर्न हें एक. १९०४ सालीं बांधलेली ही इमारत अप्पर वेस्ट साइड नांवाच्या वस्तींत, पश्चिम ७९ व्या रस्त्यावर आहे. सेंट्रल पार्क आणि हडसन नदी ह्यांच्यामधली ही वस्ती सुखवस्तु, विद्याव्यासंगी आणि उदारमतवादी म्हणून सबंध अमेरिकेंत प्रसिद्ध. २०२० च्या जुलैच्या अखेरीस ह्या लूसर्नमध्यें २८३ बेघर पुरुष राहावयास आले.

थोड्याच दिवसांत वस्तींत खळबळ उडाली. उघड्यावर लघवी करणें, मादक द्रव्यांचें सेवन, आरडाओरडा, स्त्रियांस उद्देशून अपशब्द, अशा तक्रारी फेसबुकवरील एका गटांत येऊं लागल्या, आणि त्या गटाचे सभासद हजारोंनीं वाढले. तेथें जें लिहिलें गेलें त्यांत कांहीं काळजीचें होतें, तर कांहीं इतकें हिडीस होतें कीं त्याचा अनुवाद न केलेलाच बरा. रहिवाशांच्या एका मंडळानें एक लाख डॉलरांहून अधिक वर्गणी जमविली व पूर्वीं नगरपालिकेंत उपमहापौर असलेल्या रँडी मास्ट्रो ह्या नामांकित वकिलास नेमिलें. सप्टेंबरांत महापौर डी ब्लासिओ ह्यांनीं माघार घेतली व हे पुरुष दुसरीकडे हलविण्याचें जाहीर केलें.

दुसरीकडे म्हणजे कोठें? येथून पुढचा भाग आमच्या मतें सगळ्यांत बोधक आहे. लूसर्नमधील पुरुषांस जागा व्हावी म्हणून शहराच्या मध्यभागांतील एका निवारागृहांत राहणारीं कुटुंबें, ज्यांत अपंग माणसेंही होतीं, तीं हलविण्याचा बेत पुढें आला. त्यावर हलकल्लोळ होतांच तो सोडून देण्यांत आला. मग शहराच्या दक्षिण टोंकास, पेढ्यांच्या व दलालांच्या वस्तींत, विल्यम स्ट्रीटवरील एक हॉटेल मुक्रर झालें. तेव्हां तेथील रहिवाशांनीं आपली फिर्याद लावली. लूसर्नमधील कांहीं पुरुषही, आम्हांस येथून हलवूं नका म्हणून, न्यायालयांत उभे राहिले. नोव्हेंबरांत खालच्या न्यायालयानें हलविण्यास मोकळीक दिली, वरच्या न्यायालयानें ती स्थगित केली, आणि मूळ प्रश्नाचा निकाल लागण्यापूर्वींच परिस्थिति पालटली. कारण १९२१ च्या उन्हाळ्यांत नव्हे, तर शंभर वर्षांनंतरच्या २०२१ च्या उन्हाळ्यांत, लसीकरण पुष्कळसें झाल्यावर, नगरपालिकेनें सर्वच हॉटेलें रिकामीं करण्यास आरंभ केला. शंभर वर्षांचा उल्लेख आम्हीं मुद्दाम केला. गरिबांस येथून उठवून तेथें व तेथून उठवून आणखी कोठें बसविण्याची ही रीत त्याहूनही जुनी आहे, आणि साल पुसून टाकलें तर हकीकत कोणत्या काळची तें ओळखतां येणार नाहीं.

आतां ह्या रहिवाशांस ढोंगी म्हणून मोकळें होणें सोपें आहे, आणि पुष्कळांनीं तसें केलेंही. आम्हांस तो मार्ग पसंत नाहीं. ज्या बाईस रात्रीं कामावरून एकटीस परत यावयाचें आहे, ज्या बापास मुलाला घेऊन बागेंत जावयाचें आहे, त्यांचें भय हें कल्पित नव्हतें. आणि कल्पित असतें तरी भय तें भयच. नगरपालिकेनें ह्या लोकांस आगाऊ कांहीं कळविलें नाहीं, ही त्यांची तक्रारही रास्त होती. ज्यांस हॉटेलांत आणलें त्यांपैकीं कांहींजण व्यसनांतून सुटूं पाहणारे होते. अशांस ज्या देखरेखीची व उपचाराची गरज असते ती पहिल्या आठवड्यांत तेथें पुरेशी नव्हती. शिवाय त्या उन्हाळ्यांत वाचनालयें बंद होतीं, उपाहारगृहांत आंत बसतां येत नव्हतें. खोलीच्या चार भिंतींचा कंटाळा आलेल्या माणसास बसण्यास ब्रॉडवेच्या मधोमध असलेल्या बांकांवांचून जागा नव्हती. म्हणजे जें सुखवस्तु मनुष्य आपल्या दिवाणखान्यांत करतो, पाय पसरून बसणें, मोठ्यानें बोलणें, दोन घोट अधिक घेणें, तें ह्या लोकांस सर्वांच्या डोळ्यांदेखत करावें लागे. दुर्वर्तन तेंच, पण एकास भिंत आहे व दुसऱ्यास नाहीं. गुन्ह्याची गोष्ट वेगळी. तिला पोलीस आहेत, आणि ते घरवाल्यास व बेघरास सारखेच लागू आहेत. पण तक्रारींतला पुष्कळसा भाग गुन्ह्याचा नसून भिंतीच्या अभावाचा होता असें आम्हांस दिसतें.

आपल्या भाषेंत ह्या प्रश्नाकडे पाहूं गेल्यास एक चमत्कारिक अडचण येते. दुसऱ्यास थारा देण्याविषयींचे आपले सारे संस्कार दोन शब्दांभोंवतीं गोळा झालेले आहेत. एक अतिथिधर्म व दुसरा शेजारधर्म. अतिथि म्हणजे ज्याच्या येण्यास ठरलेली तिथि नाहीं तो. त्याचें आदरातिथ्य करावें ह्याविषयीं आपल्या शास्त्रांत व लोकाचारांत एकवाक्यता आहे. गांवोगांवच्या धर्मशाळा ह्याच भावनेनें बांधल्या गेल्या. परंतु अतिथि येतो तसा जातो, हें त्यांत गृहीत आहे. धर्मशाळेंतही तीन दिवसांहून अधिक राहणाऱ्याकडे व्यवस्थापक वांकड्या नजरेनें पाहूं लागतो. शेजारधर्म हा त्याउलट कायमचा; पण तो घरवाल्यांतला आपसांतला धर्म आहे. विरजण मागणें, आजाऱ्याच्या उशाशीं बसणें, लग्नकार्यांत राबणें, हें सर्व ज्याचें घर भिंतीला भिंत लागून आहे त्याच्याशीं. बेघर मनुष्य ह्या दोहोंच्या मधल्या फटींत पडतो. तो जात नाहीं म्हणून अतिथि नव्हे, आणि त्याला घर नाहीं म्हणून शेजारी नव्हे. लूसर्नच्या बाबतींत हें फार स्पष्ट दिसतें. त्या हॉटेलांत दरसाल जगाच्या चारी कोंपऱ्यांतून अनोळखी माणसें येऊन उतरत; त्यांत मद्यपी असतील, लफंगे असतील, एखादा खुनीही असेल. त्यांच्या शीलाची चौकशी वस्तीनें कधीं केली नाहीं. ते परत जाणारे होते, आणि पैसे देऊन राहणारे होते. ह्या २८३ जणांकडे परतीचें तिकीट नव्हतें, एवढाच त्यांचा विशेष.

‘आम्ही येथें आधीं आलों’ हा रहिवाशांच्या म्हणण्याचा गाभा. मालकीचा सगळा कायदा कमीअधिक प्रमाणांत ह्याच पायावर उभा आहे, तेव्हां तो हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. पण अप्पर वेस्ट साइडच्या बाबतींत ‘आधीं’ ह्या शब्दाचा हिशेब जरा मागें नेऊन पाहिला पाहिजे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ह्याच वस्तींत एकेका खोलीचीं स्वस्त हॉटेलें व बिऱ्हाडें फार मोठ्या संख्येनें होतीं. एक खोली, तींत फार तर एक मोरी, संडास व न्हाणीघर मजल्यावर सर्वांस मिळून एक. आपल्याकडील चाळींतली खोली ज्यांनीं पाहिली आहे त्यांस हें चित्र नवें नाहीं. गोदीवरचे मजूर, हॉटेलांतले वाढपी, पेन्शनीवर राहणारे म्हातारे, एकटे, अर्धवट डोक्याचे, दारूडे, सगळे त्यांत असत. १९५५ च्या सुमारास असल्या नव्या खोल्या बांधण्यास बंदी झाली. पुढें १९७० नंतरच्या दशकांत जुन्या इमारती पाडून किंवा सुधारून तेथें महाग बिऱ्हाडें काढणाऱ्या मालकांस नगरपालिकेनें करांत सूट दिली. असल्या एक लाखाहून अधिक खोल्या न्यूयॉर्क शहरांतून नाहींशा झाल्या. १९८५ सालीं नगरपालिकेस जाग आली व तिनें हें रूपांतर थांबविण्याचा कायदा केला. पण तो मालकांच्या हक्कावर अतिक्रमण करतो म्हणून राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयानें १९८९ सालीं रद्द ठरविला. रस्त्यावर निजणारांची संख्या वाढली ती ह्याच वर्षांत. मनोरुग्णालयांतून रोग्यांस बाहेर काढणें व मजुरीचीं कामें कमी होणें हींही कारणें त्यांत आहेत, आणि सर्व दोष एकट्या घरभाड्यावर टाकणें न्यायाचें होणार नाहीं. परंतु लूसर्नमध्यें आणलेला मनुष्य हा त्या वस्तीस अगदींच अपरिचित प्राणी होता असें म्हणतां येत नाहीं. त्याच्यासारखे लोक तेथें राहत होते. त्यांच्या खोल्या मोडून जीं बिऱ्हाडें झालीं त्यांपैकीं कांहींत तक्रार करणारे राहत असतील. मग ‘आधीं’ कोण आलें?

तत्त्वज्ञांनीं ह्या प्रश्नाचा विचार केलेला नाहीं असें नाहीं. कांटनें १७९५ सालच्या ‘शाश्वत शांति’ ह्या निबंधांत पाहुणचाराचा हक्क मांडला आहे. पृथ्वी वाटोळी असल्यामुळें मनुष्यें तिच्यावर अनंतापर्यंत पांगूं शकत नाहींत, केव्हांतरी एकमेकांच्या शेजारीं यावेंच लागतें, आणि मुळांत पृथ्वीच्या कोणत्याही भागावर एकाचा दुसऱ्याहून अधिक हक्क नाहीं, अशी त्याची उपपत्ति आहे. ती ऐकतांना मोठी आशा वाटते. पण कांट देतो तो हक्क येऊन भेटण्याचा, राहण्याचा नव्हे. तोही अतिथीपाशीं थांबतो. त्याच्या पुढचें पाऊल न्यूझीलंडांत जन्मलेल्या जेरेमी वॉल्ड्रन ह्या विद्वानानें १९९१ सालच्या एका निबंधांत टाकलें आहे. त्याचा युक्तिवाद इतका साधा आहे कीं तो कोणी आधीं कसा केला नाहीं ह्याचें नवल वाटतें. मनुष्य जें जें करतो तें कोठेंतरी करतो. निजणें, जेवणें, मलमूत्रविसर्जन, हें सारें करण्यास देहाला जागा हवी. खाजगी जागेंत मालकाच्या परवानगीवांचून पाऊल टाकतां येत नाहीं. ज्याची कसलीही खाजगी जागा नाहीं त्यास उरते ती फक्त सार्वजनिक जागा. तेथें निजण्यास व विधि उरकण्यास मनाई केली, तर कागदोपत्रीं ती मनाई सर्वांस सारखी असली तरी प्रत्यक्षांत त्या एका मनुष्यास निजण्याचीच मनाई झाली. आम्ही ह्यास एवढीच पुस्ती जोडतों कीं, बेघर मनुष्यास पदपथावर निजूं न देणें आणि त्याच्यासाठीं घेतलेल्या हॉटेलांतही येऊं न देणें, ह्या दोन गोष्टी एकाच तोंडानें मागणारा माणूस त्या देहाविषयीं नक्की काय मागत आहे ह्याचा विचार त्यानें स्वतःच करावा. लूसर्नमुळें ते पुरुष रस्त्यावरून आंत आले होते. खोलीचें दार लावून घेण्याची मुभा त्यांतल्या कित्येकांस फार दिवसांनीं मिळाली होती.

‘निवारा अवश्य द्या, पण तो अधिक योग्य ठिकाणीं द्या’ असें रहिवाशांच्या बाजूनें म्हणण्यांत आलें. योग्य ठिकाण शोधणें हें शहाणपणाचेंच आहे. परंतु व्यवहारांत ‘अधिक योग्य ठिकाण’ कोणतें निघतें तें पाहावें. जेथील लोकांस लाख डॉलर वर्गणी जमवितां येत नाहीं तें. न्यूयॉर्कचीं निवारागृहें ब्राँक्ससारख्या गरीब भागांत दाटीनें आहेत, हें तेथील सर्वांस ठाऊक आहे. १९८९ सालीं शहराची सनद सुधारतांना असल्या संस्थांचा भार सर्व वस्त्यांवर समन्यायानें वांटला जावा असें कलम तींत मुद्दाम घालावें लागलें तें ह्याचसाठीं. कलम झालें, वांटणी फारशी झाली नाहीं. गरीब वस्तीच्या बाईसही रात्रीं कामावरून एकटीस परत यावें लागतें. तिच्या भयास वकील मिळाला नाहीं, म्हणून तें भय कमी दर्जाचें ठरत नाहीं. पैशाच्या रूपानें दान करण्यास अप्पर वेस्ट साइड कधींच मागें नव्हती. पण बेघरास थारा देण्याची खरी किंमत पैशांत नसून सान्निध्यांत आहे. ती दुसऱ्यास पैसे देऊन आपल्यावतीं भरतां येते, आणि श्रीमंत वस्त्या आजवर तेंच करीत आल्या आहेत.

मग शेजाऱ्यास कांहींच बोलण्याचा अधिकार नाहीं काय? आहे, आणि तो मोठा आहे. किती माणसें येणार, देखरेख कोण करणार, वैद्य येतो कीं नाहीं, दिवसा बसण्यास जागा कोठें, तक्रार कोणाकडे न्यावी, हें सर्व विचारण्याचा व त्याचें उत्तर मिळेपर्यंत नगरपालिकेस स्वस्थ बसूं न देण्याचा अधिकार त्यास आहे. हा ‘कसें’ विचारण्याचा अधिकार. ‘येथें नको’ म्हणण्याचा अधिकार ह्याहून निराळा. तो प्रत्येकानें बजावला तर ‘कोठेंच नको’ असें त्याचें उत्तर येतें, म्हणून तो कोणा एकास देतां येत नाहीं. त्याच वस्तींतल्या दुसऱ्या कांहीं रहिवाशांनीं एक मंडळ काढून ह्या पुरुषांची बाजू घेतली. त्यांनीं कपडे जमविले, हॉटेलापुढल्या पदपथावर खडूनें स्वागताचे शब्द लिहिले, न्यायालयांत त्यांच्या बाजूनें धांवपळ केली. हे लोक निराळ्या मातीचे होते असें नव्हे. तींच घरें, तीच बाग, तेच रस्ते. नगरपालिकेकडे अधिक सेवा मागण्यांत ते तक्रारखोरांहून तसूभरही मागें नव्हते.

हा विषय लिहीत असतां एक तुलना आमच्या मनांतून जात नाहीं. न्यूयॉर्कचा हुकूमनामा झाला त्या १९८१ सालींच, एकच महिना आधीं, जुलैंत, भर पावसाळ्यांत, मुख्यमंत्री अंतुले ह्यांनीं मुंबईच्या पदपथांवरील झोंपड्या मोडून तेथल्या लोकांस आपापल्या गांवीं परत पाठविण्याचें जाहीर केलें. प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत गेलें. पत्रकार ओल्गा टेलिस ह्यांच्या नांवानें तें ओळखलें जातें. १० जुलै १९८५ रोजीं सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड ह्यांनीं दिलेल्या निकालांत जगण्याच्या हक्कांत उपजीविकेचा हक्क येतो हें तत्त्व मान्य झालें, आणि हीं माणसें पदपथावर राहतात तीं पोटाच्या धंद्याजवळ राहतां यावें म्हणून, हेंही न्यायालयानें ओळखलें. पण पदपथ हा चालणारांसाठीं आहे म्हणून रीतसर सूचना देऊन त्यांस उठविण्यास हरकत नाहीं असें ठरलें; फक्त पावसाळा संपून एक महिना जाईपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबरपर्यंत, तें करूं नये. जेथें उठावयाचें तें ठिकाण निश्चित झालें. जेथें जावयाचें तें सर्वांपुरतें झालें नाहीं. पुढें २०१३ च्या केंद्रीय योजनेनें शहरांत दर एक लाख वस्तीमागें शंभर माणसांचा एक कायम निवारा असावा असें प्रमाण घालून दिलें. २०११ च्या खानेसुमारीप्रमाणें बृहन्मुंबईची वस्ती सुमारें १ कोटी २४ लाख. त्या हिशेबानें १२४ निवारे लागतात, आणि १२४ निवारे म्हणजे १२४ गल्ल्या. त्यांतल्या कांहीं गोवंडी-मानखुर्दकडे असतील तर कांहीं दादर, पार्ले व मलबार हिलकडेही असाव्या लागतील, आणि तेथील गृहनिर्माण संस्थांच्या सभांत हा विषय निघेल तेव्हां अध्यक्षांनीं प्रथम ‘कसें’ ह्या प्रश्नांची यादी करावयास घ्यावी.